डांबरगोळी रक्तात शिरते तेव्हा

आमच्या माळ्यावर एक लोखंडी ट्रंक आहे. वर्षातून दोनदा ती खाली येते. झाकण उघडलं की आधी वास बाहेर येतो, मग कपडे: आईची पैठणी, आजोबांचा लोकरीचा कोट, घरातल्या दोन-तीन बारशांची टोपरी-झबली, आणि घडीघडीत दडवलेल्या पांढऱ्या गोळ्या. ठेवताना त्या बोराएवढ्या असतात, खाली येतात तेव्हा हरभऱ्याएवढ्या. काही तर गायबच, नुसती कापडाची पुरचुंडी उरलेली. लहानपणी मला वाटायचं, झुरळं खात असतील.

खात होतो आम्हीच, नाकावाटे.

डबीचं झाकण सैल राहिलं की कापराची वडी जशी न वितळता उडून जाते, तशीच डांबरगोळीची थेट वाफ होते. तिच्यातलं नॅप्थलीन वितळतं ८० अंश सेल्सिअसला, पण उडायला त्याला चूल लागत नाही, खोलीतली ऊब पुरते. म्हणजे वास येतोय याचा अर्थ गोळीचे कण नाकापर्यंत आलेत, आणि तिथून फुप्फुसात, रक्तात जायला त्यांना कुणी अडवत नाही. कपाट उघडताना चार श्वास घेतले म्हणून धडधाकट मोठ्या माणसाचं काही बिघडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर हे वाचून कुणीतरी रात्रीच कपाटं उपसायला बसेल. प्रश्न येतो तो गोळी पोटात गेल्यावर, किंवा ती वाफ दिवसरात्र एखाद्या तान्ह्याच्या अंगाला लागून राहिल्यावर. मग ती रक्तावर उठते, आणि तेही एक-दोन दिवस उशिरा. हा उशीरच सगळ्यांना फसवतो.

‘डांबरगोळी’ हे नाव बरोबर आहे. दगडी कोळसा हवा न देता बंद भट्टीत तापवला की कोक मिळतो आणि बाजूला एक काळा चिकट द्रव जमतो, तो डांबर. रस्त्यावर ओततात ते हल्ली खनिज तेलातून येतं, पण मूळचं डांबर हे कोळशाचं. त्या काळ्याकुट्ट लगद्यातून १८२० च्या आसपास हे पांढरंशुभ्र स्फटिक वेगळं काढण्यात आलं, आणि मायकल फॅरडेने त्याच दशकात त्याचं सूत्र मांडलं: कार्बनचे दहा अणू, हायड्रोजनचे आठ. पुढे याच पांढऱ्या पदार्थाने आपल्याकडे एक मोठा उत्पात घडवला, तो मात्र रक्तातला नव्हे. १८९७ साली जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने नॅप्थलीनपासून बनवलेली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालच्या निळीच्या व्यापाराचं कंबरडं मोडलं. असो, आपल्याला ट्रंकेकडे परत जायचंय.

लाल पेशी: एक हलकीफुलकी पण लंगडी गाडी

आपल्या रक्तातली लाल पेशी ही शरीरातली विचित्र पेशी आहे. तिला केंद्रक नाही, ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया नाहीत. ऑक्सिजन भरायला जागा हवी म्हणून बाकी सगळं सामान तिने जन्मतानाच बाहेर टाकलेलं असतं. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू कोंबलेले असतात, आणि ती साधारण १२० दिवस धावते. पण केंद्रक नसल्यामुळे वाटेत काही मोडलं तर नवा सुटा भाग बनवायची सोय नाही. जन्मताना जी शिदोरी बांधून दिली, तिच्यावर चार महिने काढायचे.

हिमोग्लोबिनच्या पोटात लोह असतं आणि त्याच लोहाला ऑक्सिजन धरून बसतो. हे लोह एका ठराविक अवस्थेत असलं तरच ही पकड जमते. त्या लोहाने एक इलेक्ट्रॉन गमावला की ते पुढच्या अवस्थेत जातं आणि ऑक्सिजन धरणं सोडून देतं. खिळा गंजतो तेव्हा त्याच्यातलं लोह याच अवस्थेला पोचलेलं असतं. म्हणून ‘रक्ताला गंज चढला’ असं कुणी म्हटलं तर मी त्याला अडवणार नाही. अशा गंजलेल्या हिमोग्लोबिनला मेथिमोग्लोबिन म्हणतात.

थोडा गंज रोजच चढतो. ऑक्सिजनशी रोज उठबस म्हटल्यावर तेवढं चालायचंच. पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, सतत फिरत असतं आणि हरवलेला इलेक्ट्रॉन परत देऊन लोह ताळ्यावर आणतं. त्यामुळे निरोगी माणसात मेथिमोग्लोबिन एका टक्क्याच्या आतबाहेरच राहतं.

आता डांबरगोळी पोटात गेली असं धरू. गंमत अशी की नॅप्थलीन स्वतः रक्ताला फारसं काही करत नाही. ते यकृतात पोचतं. यकृताचा स्वभाव टापटिपीचा: तेलात विरघळणारी परकी वस्तू दिसली की तिला पाण्यात विरघळेल असं रूप द्यायचं आणि लघवीवाटे घालवायचं. या खटाटोपात नॅप्थलीनपासून नॅफ्थॉल आणि नॅफ्थोक्विनोन नावाचे पदार्थ तयार होतात, आणि खरे गुंड हे. आवराआवर करणाऱ्यानेच घरात चोर घ्यावेत तसा प्रकार. गोळी पोटात हळूहळू विरघळायला वेळ लागतो, यकृताला हे रूपांतर करायला वेळ लागतो, आणि मग नुकसान साठायला वेळ लागतो. दोन दिवसांचा उशीर तो इथून आला.

हे पदार्थ दोन ठिकाणी घाव घालतात. पहिला घाव लोहावर: मेथिमोग्लोबिन वाढतं, रक्त ऑक्सिजन वाहायचं सोडतं, ओठ आणि नखं निळसर-राखाडी दिसू लागतात. दुसरा घाव हिमोग्लोबिनच्या प्रथिनावर: ते नासतं, त्याच्या गुठळ्या होऊन पेशीच्या आतल्या भिंतीला चिकटतात. दूध फाटल्यावर पातेल्याच्या कडेला कण चिकटतात ना, तसं. रॉबर्ट हाइन्झ या जर्मन संशोधकाने १८९० मध्ये या गुठळ्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. साध्या रंगाने त्या दिसत नाहीत, मिथिल व्हायोलेटसारखा खास रंग वापरला की पेशीच्या कडेला जांभळे ठिपके उमटतात.

अशी पेशी प्लीहेतून, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या रक्ताच्या गाळणीतून, जाताना अडते. प्लीहेच्या फटी अरुंद, आणि तिथे बसलेल्या भक्षक पेशी तरबेज. त्या गुठळी असलेला तेवढाच भाग ओरबाडून काढतात आणि उरलेली पेशी पुढे सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली मग अर्धवट पेशी दिसतात, पोपटाने चोच मारलेल्या पेरूसारख्या, एका बाजूने कुरतडलेल्या. पॅथॉलॉजीत त्यांना ‘बाइट सेल’ म्हणजे चावलेली पेशीच म्हणतात. अशा पेशी फार टिकत नाहीत. भराभर फुटतात आणि आतलं हिमोग्लोबिन रक्तात सांडतं. त्यातलं काही मूत्रपिंडातून गळून लघवीत येतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. उरलेल्याचं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य होतं, डोळे पिवळे पडतात. माणूस पांढराफटक, पिवळा आणि निळसर असा एकाच वेळी दिसू शकतो. अशा रंगाची भेसळ फार थोड्या आजारांत पाहायला मिळते.

एकाच गोळीने एक आजारी, दुसरा ठणठणीत कसा?

दोन मुलांनी एकाच पाकिटातली एकेक गोळी खाल्ली. एकाला थोडी मळमळ, दुसऱ्याला तिसऱ्या दिवशी रक्त चढवावं लागलं. असं घडतं, आणि कारण बहुतेकदा जी-६-पीडी नावाच्या विकरात असतं.

लाल पेशीकडे गंजाशी लढायला एक राखीव फौज असते: ग्लुटाथायोन. कुठलाही जाळणारा पदार्थ आला की ग्लुटाथायोन पुढे होऊन त्याचा मार स्वतः खातं आणि निकामी होतं. ते पुन्हा उभं करायला एनएडीपीएच नावाचं इंधन लागतं, आणि लाल पेशीत ते मिळायचा मार्ग एकच: जी-६-पीडी. इतर पेशींकडे दुसरे उपाय आहेत, हिच्याकडे नाहीत. हे विकर जन्मतःच अपुरं असेल तर रोजच्या व्यवहारात काही कळत नाही. माणूस शाळेत जातो, पळतो, लग्न करतो, त्याला पत्ताही नसतो. मग एके दिवशी एखादं औषध, एखादा संसर्ग किंवा एखादी डांबरगोळी येते, आणि राखीव फौज एका रात्रीत संपते.

हा दोष सापडला त्याची हकिकत फारशी अभिमानाची नाही. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालत. प्रायमाक्वीन दिल्यावर काही कैद्यांचं रक्त फुटायचं, बाकीच्यांना काहीच नाही. अशा कैद्यांच्या लाल पेशीत जी-६-पीडी कमी आहे हे १९५६ मध्ये दाखवलं गेलं. त्याच्या सात वर्षं आधी, १९४९ मध्ये, झुएल्झर आणि ॲप्ट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी डांबरगोळी खाल्लेल्या लहान मुलांचं रक्त कसं फुटतं याचं नीट वर्णन लिहून ठेवलं होतं. ठरावीक मुलंच का, याचं उत्तर नंतर तुरुंगातून आलं.

जगात ४० कोटींहून जास्त लोकांमध्ये हा दोष आहे. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता, तिथे तो जास्त आढळतो: आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, आपला देश. हिवतापाच्या परजीवीला अशा पेशीत नीट बस्तान मांडता येत नाही, म्हणून दोष असूनही तो टिकून राहिला. आपल्या बाजूचा एक संदर्भ मला फार जवळचा वाटतो. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या विकराचा एक नवा प्रकार सापडला, त्याला संशोधकांनी नाव दिलं ‘जी-६-पीडी कल्याण’. पुढे कळलं की केरळच्या नावाने नोंदलेल्या प्रकारातला जनुकीय बदल हाच आहे, म्हणून आता त्याला केरळ-कल्याण म्हणतात. कल्याण स्टेशनवर रोज गाडी बदलणाऱ्या लाखो लोकांना आपल्या गावाचं नाव रक्तशास्त्राच्या पुस्तकात आहे याची कल्पना नसेल. पारशी समाजातही या दोषाचं प्रमाण जास्त असल्याचं मुंबईतल्या पाहण्यांतून पूर्वीच दिसलं आहे.

दोषाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसतं. मुलाकडे एक्स एकच, तो आईकडून आलेला. म्हणून मुलग्यांमध्ये तो उठून दिसतो, आणि ओळीने पाहिलं तर मामा-भाच्यांमध्ये. आई स्वतः बहुतेकदा ठणठणीत असते. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात कुणाला अशी कावीळ, कधी रक्त कमी होणं?’, तर आपण वडिलांकडची माणसं आठवत बसतो. आठवायचं असतं आजोळ. मुलींना हा त्रास होत नाही असं मात्र नाही, फक्त कमी वेळा होतो.

एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या घरातलं आहे. मेंदीचा रंग ज्या पदार्थामुळे चढतो, तो लॉसोन, रासायनिक घडणीने नॅफ्थोक्विनोनच आहे. डांबरगोळीपासून यकृतात जे गुंड तयार होतात त्यांचा सख्खा चुलत भाऊ. आपल्या हातावर मेंदी काढली तर काही होत नाही. पण हा दोष असलेल्या तान्ह्या बाळांच्या अंगाला मेंदी लावल्यावर रक्त फुटल्याचे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. बाळाच्या तळपायाला हौसेने मेंदी थापणाऱ्या आत्याबाईंना हे सांगायला हवं.

आजीच्या लुगड्याचं दुपटं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोळी खाणाऱ्या मुलाची नाही. ते निदान कुणीतरी पाहतं. काळजी बाळंतिणीच्या खोलीची.

आपल्याकडे बाळाला पहिले काही दिवस नवं कापड घालत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. आजीच्या नऊवारीची दुपटी, मोठ्या भावंडांची झबली, लंगोट, टोपरं. ही सगळी येतात कुठून? त्याच ट्रंकेतून. वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांच्या सोबतीने राहिलेले सुती थर वाफ शोषून बसलेले असतात. त्यातच बाळाला गुंडाळायचं, वारा लागू नये म्हणून खिडक्या लावायच्या, आणि आधी अंगाला भरपूर तेल चोळायचं. नॅप्थलीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. तेलकट त्वचेतून ते जास्त सहज आत जातं. १९५१ मध्ये अमेरिकेत नोंदलेल्या एका बाळाच्या प्रकरणात लंगोट डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेले होते, आणि अंगाला लावलेल्या बेबी ऑइलमुळे शोषण वाढलं असावं असं तेव्हाही म्हटलं गेलं.

ग्रीसमधून १९६३ साली आलेला अहवाल याहून बोलका आहे. नवजात २१ बाळांचं रक्त फुटलं होतं. बहुतेकांचा गोळीशी थेट संबंधच नव्हता: पांघरुणं, कपडे, किंवा शेजारच्या खोलीत ठेवलेल्या वस्तू, तिथून आलेली नुसती वाफ. त्यातली सुमारे निम्मी बाळं जी-६-पीडीचा दोष असलेली होती. दोन दगावली. उरलेल्या निम्म्यांकडे हा दोष नव्हता, हेही विसरायचं नाही. म्हणजे ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ हे तान्ह्याच्या बाबतीत पुरेसं उत्तर नाही.

कारण नवजात बाळ आधीच कच्च्या खेळाडूंवर लढत असतं. गंज उतरवणारं विकर त्याच्या पेशीत मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपास असतं. नॅफ्थॉल बांधून बाहेर काढायची यकृताची यंत्रणा अजून जागी व्हायची असते. आणि बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत उतरून कायमची इजा करू शकतं, ज्याला कर्निक्टेरस म्हणतात. यात भर अशी की तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडी कावीळ पुष्कळ बाळांना होतेच. ‘होते सगळ्यांना, कोवळ्या उन्हात धरा’ म्हणत दोन दिवस निघून जातात. बाळ दूध ओढेनासं झालं, झोपाळलेलं वाटलं, पिवळेपणा पोटापर्यंत, तळपायापर्यंत उतरला, तर ऊन दाखवत बसायचं नाही, बिलिरुबिन मोजायचं.

गर्भारपणात काही बायकांना माती-खडूसारखा डांबरगोळीच्या वासाचा, क्वचित चवीचाही डोहाळा लागतो. हसण्यावारी नेऊ नका. नॅप्थलीन वारेतून बाळापर्यंत पोचतं.

चॉकलेटी रक्त आणि ८५ वर अडलेलं यंत्र

दवाखान्यात काय दिसतं? आधी रक्ताचा रंग. शिरेतून काढलेलं रक्त कुणाचंही गडदच असतं. पण एक थेंब पांढऱ्या गाळणकागदावर टाकून हवेत ठेवला तर साधं रक्त थोड्या वेळात लाल होतं, ऑक्सिजन धरतं म्हणून. मेथिमोग्लोबिनचं रक्त चॉकलेटी ते चॉकलेटीच राहतं. शेजारी डॉक्टरांनी स्वतःच्या रक्ताचा थेंब ठेवला की फरक कुणालाही कळतो. पैसे न लागणाऱ्या चाचण्यांपैकी ही मला सगळ्यात देखणी वाटते.

दुसरी गोष्ट बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. करोनाच्या दोन वर्षांत ते घरोघरी आलं आणि आपण सगळे ९४-९५ च्या आकड्यांत बोलायला शिकलो. हे यंत्र दोन रंगांचा प्रकाश बोटातून सोडतं आणि किती शोषला गेला त्यावरून हिशेब करतं. त्याच्या हिशेबात फक्त दोनच प्रकारचं हिमोग्लोबिन असतं, ऑक्सिजन धरलेलं आणि सोडलेलं. तिसरा आला की ते गोंधळतं. मेथिमोग्लोबिन बरंच वाढलं की आकडा ८५ च्या आसपास येऊन बसतो आणि तिथून हलत नाही, मास्क लावून कितीही ऑक्सिजन दिला तरी. खरी स्थिती त्याहून वाईट असू शकते. निळं पडलेलं मूल, ऑक्सिजनने न वाढणारा आकडा, आणि रक्ततपासणीत ऑक्सिजनचा दाब मात्र उत्तम, असं त्रांगडं दिसलं की जाणता डॉक्टर को-ऑक्सिमेट्री नावाची वेगळी तपासणी मागवतो.

मेथिमोग्लोबिन १०-१५ टक्क्यांवर गेलं की त्वचा निळसर दिसते, पण माणूस बरा असतो. २०-३० च्या पुढे डोकेदुखी, धाप, छातीत धडधड. ५० च्या वर झटके, बेशुद्धी. ७० च्या वर जगणं अवघड. रक्त आधीच कमी असेल तर याहून कमी आकड्यांनाच त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे रक्त कमी असलेली मुलं किती आहेत हे वेगळं सांगायला नको.

यावर उतारा आहे, आणि तो निळ्या रंगाचा आहे: मिथिलीन ब्लू. १८७६ साली कापड रंगवायला बनवलेला, डांबराच्याच कुळातला रंग. विष आणि उतारा एकाच काळ्या भट्टीतून निघालेले. शिरेतून, वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलीग्रॅम, सावकाश. गंज उतरवायला पेशीत एक मागचं दार असतं, एरवी जवळजवळ बंदच. मिथिलीन ब्लू ते उघडतं, इलेक्ट्रॉन घेऊन मेथिमोग्लोबिनला देतं, आणि तासाभरात चॉकलेटी रक्त लाल होऊ लागतं. निळा रंग टोचून निळं मूल गुलाबी होतं, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

पण त्या मागच्या दारालाही इंधन तेच लागतं, एनएडीपीएच. आणि ते देणारं विकर तेच, जी-६-पीडी. म्हणजे ज्याला डांबरगोळीने सगळ्यात जास्त मारलं, त्याच्यावर हा उतारा चालत नाही. उलट मिथिलीन ब्लू त्याच्या पेशीत नुसताच जाळणारा पदार्थ म्हणून उरतो आणि आणखी पेशी फोडतो. म्हणूनच मामाच्या जुन्या काविळीची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगायची. अशा रुग्णाला क जीवनसत्त्व, रक्त चढवणं, फार बिकट असेल तर रक्त बदलणं, असे सावकाशीचे मार्ग धरावे लागतात. सांडलेल्या हिमोग्लोबिनने मूत्रपिंडं तुंबू नयेत म्हणून सलाइनवर लक्ष असतं. पहिले काही दिवस निभावले की अस्थिमज्जा नव्या पेशी सोडायला लागते आणि आठवडा-दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते.

तपासणीचा एक खोडा लक्षात ठेवा. ऐन आजारात जी-६-पीडी मोजलं तर ते कधीकधी ‘नॉर्मल’ येतं. कमी विकर असलेल्या म्हाताऱ्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि ताज्या पेशींत विकर जास्त असतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय ‘दोष नाही’ असं लिहून घेऊ नका.

मुलाने गोळी तोंडात घातली तर

तोंडात बोट घालून उरलेलं काढा, चूळ भरवा. ओकारी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. आणि आपल्या घरात जे हमखास होतं ते करू नका: दूध. विष म्हटलं की दूध, नाहीतर चमचाभर तूप, ही आपली सवय. नॅप्थलीन स्निग्धात विरघळतं, त्यामुळे दूध-तूप-तेलाबरोबर ते उलट भरभर रक्तात जातं. पुढचे दोन-तीन तास स्निग्ध काही देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. पाकीट आणि त्यातली एक गोळी बरोबर घ्या, वेळ लिहून ठेवा. एक लहान गोळी एखाद-दोन ग्रॅमची, मोठी चार-पाच ग्रॅमची, आणि दोष असलेल्या मुलाला एक पुरते.

गोळी बरोबर न्यायला सांगतो कारण पांढऱ्या गोळ्या तीन जातीच्या असतात: नॅप्थलीन, कापूर, आणि मुताऱ्यांत टाकतात तो पॅराडायक्लोरोबेन्झीन. कापराने काही मिनिटांत झटके येऊ शकतात, तिथे वाट पाहायला वेळच नसतो. तिसरा त्या मानाने रक्ताला सौम्य. ओळखायची एक स्वयंपाकघरातली रीत आहे. साध्या पाण्यात गोळी टाका: तरंगली तर कापूर. बुडाली तर दुसऱ्या वाटीत कोमट पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला आणि त्यात टाका: आता तरंगली तर नॅप्थलीन, तरीही बुडाली तर पॅराडायक्लोरोबेन्झीन. मी तिन्ही करून पाहिले, नॅप्थलीनची गोळी खारट पाण्यात बुचासारखी वर येते. हे मात्र सवडीने करायचं. मूल मांडीवर घेऊन वाट्या मांडत बसायचं नाही, ते काम दवाखान्यावर सोडा.

पहिल्या दिवशी मूल खेळतंय, जेवतंय, सगळं छान म्हणून घरी पाठवलं, तरी पुढचे चार-पाच दिवस लघवीचा रंग रोज डोळ्यांनी पाहा. लहान असेल तर पांढऱ्या कापडावर. कोऱ्या चहाची छटा, डोळ्यांत पिवळेपणा, ओठांवर राखाडी झाक, मूल मलूल, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो, निघा.

युरोपीय संघाने २००८ पासून नॅप्थलीनच्या डांबरगोळ्या बंद केल्या. आपल्याकडे त्या किराणा दुकानात, रेल्वे फलाटावर, रुपया-दोन रुपयांना सुट्या मिळतात, खडीसाखरेच्या शेजारी ठेवलेल्याही मी पाहिल्यात. आणि बेसिनच्या जाळीवर, रांगत्या मुलाच्या हाताला येईल अशा मोरीच्या कोपऱ्यात, हे तर घरोघरी. तिथे त्या दुर्गंधी घालवत नाहीत, फक्त तिच्यावर आपला वास पांघरतात. कपड्यांतही त्यांचा उपयोग होतो तो घट्ट बंद पेटीत, जिथे वाफ दाटते. उघड्या-मिटत्या कपाटात दोन गोळ्या टाकल्या तर कसर आरामात राहते, वाफ आपल्या वाट्याला येते. कसरीला घाम आणि खरकट्याचे डाग असलेलं कापड आवडतं. धुऊन, कडक उन्हात वाळवून, घट्ट पिशवीत ठेवलं की निम्मं काम झालं.

गेल्या महिन्यात बहिणीच्या बाळाचं बारसं ठरलं आणि ट्रंक खाली आली. आईने सगळी टोपरी-झबली गरम पाण्यातून काढली आणि गच्चीवर दोरीला लावली. चार दिवस ऊन दाखवलं. पाचव्या दिवशी तिने माझंच जुनं टोपरं, जरीची किनार असलेलं, नाकाला लावलं, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, ‘येतोय अजून.’ बारशाला बाळाच्या डोक्यावर बाजारातून आणलेलं साधं सुती टोपरं होतं. जरीचं अजून दोरीवरच आहे.